मोहोरबंद टाकी

स्कूटरच्या टाकीच्या झाकणाला भोक आहे, हा शोध आत्माराम मयेकरांना मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी लागला.

खरं तर शोध शेजारच्या भिकाजीअण्णांचा. अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. झाडगावात कुणाच्याही घरी नवी वस्तू आली की तिचं पहिलं निरीक्षण अण्णांचं, हा तिथला रिवाज होता. मयेकरांची स्कूटर नवी म्हणजे मयेकरांना नवी. त्याआधी ती दोघांकडे नांदून आली होती. रात्री ती पडवीत बांधलेली असे. हो, बांधलेलीच, दावं लावून. सकाळी पडवीत पेट्रोलचा वास भरून राहिलेला असायचा.

अण्णांनी सीट उचललं, झाकणावर नाक टेकवलं आणि डोळे मिटले.

"आत्मारामपंत, पेट्रोल हे अत्तराच्या जातीचं. बूच सैल राहिलं की उडालं. तुमच्या झाकणाला तर चक्क भोक आहे. म्हणजे तुम्ही झोपा काढताय आणि तुमची टाकी वाऱ्यावर चाललीय."

मयेकरांचा चेहरा उतरला. आत मथुरा सात महिन्यांच्या चिमीला मांडीवर घेऊन पाजत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, ते भोक कुणीतरी मुद्दाम ठेवलं असेल की."

"मुद्दाम कशाला ठेवतील? कारखान्यातनं राहून गेलं असेल," मयेकर म्हणाले. "तिथेही आमच्यासारखीच माणसं."

आता दुसरा कुणी असता तर त्याने भोकात कागदाचा बोळा कोंबला असता. पण मयेकर कचेरीत जावक विभागात होते. अकरा वर्षं त्यांनी गोपनीय पाकिटांवर लाख वितळवून मोहोर उमटवली होती, आणि या अकरा वर्षांत त्यांच्या हातची एकही मोहोर वाटेत फुटली नव्हती. उघडी फट दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. मथुरेने एकदा पापडाचा डबा त्यांच्याकडे घट्ट लावायला दिला होता, तो पुढे विळ्याने उघडावा लागला.

कचेरीची पितळी मोहोर घरी आणणं नियमात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी टाकीवर फडकं बांधलं आणि झाकणच रुमालात गुंडाळून कचेरीतल्या टेबलाशी नेलं. मेणबत्ती पेटली, लाल लाखेचा टपोरा थेंब भोकावर पडला आणि त्यावर मोहोर बसली. संध्याकाळी पडवीत पेट्रोलचा वास म्हणून नव्हता.

"बघ," मयेकर म्हणाले. रोज दोन्ही वेळा ते झाकण उघडून आत बांबूची काडी बुडवून पेट्रोल किती उरलं ते पाहत. आता झाकण फिरवलं की आतून 'सुस्' असा आवाज यायचा. "ऐकलंस? किती घट्ट बसलंय! एक थेंब उडत नाही."

मथुरेने चिमीच्या तोंडावरचं दूध पुसलं आणि मान डोलावली. तिचं चित्त पत्रात होतं.

पत्र मालगुंडहून आलं होतं, तिच्या धाकट्या भावाचं. लवू बोटीवर इंजिनखान्यात होता. चिमी जन्मली तेव्हा तो कुठल्याशा परक्या बंदरात होता आणि बातमी त्याला दोन महिन्यांनी कळली. आता आठ दिवसांच्या रजेवर आला होता. 'ताई, रविवारी दुपारी एकच्या मुंबई गाडीने निघायचं आहे. सोमवारी सकाळी बोटीवर हजर. मग अकरा महिने नाही. आई म्हणते चिमीचं उष्टावण रविवारीच करू, बाराच्या आत मुहूर्त आहे. भाचीला पहिला भात माझ्याच हातचा. मी चांदीची वाटी आणली आहे.'

पहिला भात मामाने भरवायचा, ही रीत. मथुरेचा स्वतःचा मामा तिच्या उष्टावणाला पोचला नव्हता, होडी अडकली म्हणून. तिला शेजारच्या काकांनी भरवलं. आई अजून ते बोलून दाखवायची. मथुरेने ठरवलं होतं, चिमीचं तसं होऊ द्यायचं नाही.

"शनिवारच्या एस्टीनं जाऊ या का आपण?" तिने हळूच विचारलं.

मयेकरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने घराला आग लावू या का म्हणून विचारलं होतं.

"दारात गाडी असताना?"

सासुरवाडीला आजवर ते एस्टीतून, आंब्याच्या करंड्यांवर बसून गेले होते. या खेपेला अंगणात स्कूटर वळवून उभी करायची, हे त्यांचं स्वप्न मथुरेला ठाऊक होतं. ते चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं, की त्यावर नाही म्हणायला तिचं मन होईना. फक्त एकच बोलली, "मग आधी लांब नेऊन बघा."

गुरुवारी मयेकर पावसच्या रस्त्याला लागले. कचेरीपर्यंतच्या दीड मैलात स्कूटरने कधी कुरकुर केली नव्हती. पण पूल ओलांडून चढ सुरू झाला, आणि गोळपच्या अलीकडे ती दोनदा खोकली आणि गप्प झाली. मयेकरांनी झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं. मग प्लग काढला, सदऱ्याला पुसला, बसवला, किक मारली, आणि गाडी सुरू! घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "प्लग!"

नवा प्लग आला. शुक्रवारी कुवारबावच्या पुढे गाडी पुन्हा बंद. मारुती मंदिराच्या नाक्यावरून महिपत मेकॅनिकला आणण्यात आलं. महिपतनं आधी झाकण उघडून टाकी हलवली, मग कार्बोरेटर उतरवून त्यात इतक्या जोरात फुंकर मारली, की त्याचेच डोळे बाहेर आले. किक मारली. सुरू!

"कचरा होता, साहेब."

नवी गाळणी बसली. झाकण लावताना महिपतची नजर त्या लाल लाखेवर गेली. "ही सील कसली?"

"सरकारी," मयेकर ताठ होऊन म्हणाले.

महिपतने झटकन हात मागे घेतला. मागे एकदा जप्तीच्या ट्रकची सील चुकून तुटली, तेव्हा त्याला तीन वेळा कोर्टाची पायरी चढावी लागली होती. "मग त्याला आपण हात लावणार नाय. काय असेल ते राहूं दे तिथं."

त्याच दुपारी मयेकर गाडीचं पुस्तक नावावर करून घ्यायला वाहनांच्या कचेरीत गेले. मालगुंडच्या वाटेवर कुणी अडवलं तर सासुरवाडीपुढे शोभा नको. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला आणि म्हणाला, "आधीच्या मालकाची सही हिरव्या शाईत आहे. निळी चालते, काळी चालते." मयेकरांनी स्वतःच्या टेबलाशी हेच वाक्य हजारदा उच्चारलं होतं, पण समोरून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ. बाहेर येऊन त्यांनी पेट्रोलपंपावर गाडी घेतली. दोन तास कडक उन्हात उभी होती ती. झाकण जरा फिरवलं मात्र, आतून फस्सकन वाफ आली आणि पेट्रोलचा फवारा थेट त्यांच्या सदऱ्यावर. पंपावरचा माणूस चार पावलं मागे सरला.

"साहेब, हिला राग आलाय कसला तरी."

घरी मथुरेने सदरा तीनदा धुतला. मागच्या आळीतल्या सगुणाकाकूंनी तारेवरचा वास ओळखून निदान केलं. "दृष्ट लागलीय गो. अख्ख्या आळीत दुसरी स्कूटर आहे का? लिंबू-मिरची बांध आणि नारळ फोड."

शनिवारी संध्याकाळी फेरी मारायला गेलेली गाडी पुन्हा बंद पडली. मयेकरांनी सवयीने पेट्रोल पाहिलं, मग नारळ फोडला, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. म्हणजे असं, की ज्याचा सल्ला घ्यावा त्याचा लागू पडत होता. अण्णा, महिपत, काकू, तिघंही आपापल्या ओट्यावर छाती काढून बसले होते. फक्त गाडी तेवढी पुढच्या पाचसहा मैलांवर पुन्हा थांबत होती, आणि तो दोष कुणीच स्वतःकडे घेत नव्हतं.

"टाकी काठोकाठ भरा," निघताना अण्णांनी शेवटचा सल्ला दिला. "तळाचा गाळ वर येणार नाही."

रविवारी सकाळी साडेसहाला तिघं निघाली. मयेकर पुढे, टोपी घालून. मागे मथुरा, एका हाताने चिमीला छातीशी धरलेली, खांद्याला पिशवी, पिशवीत दुधाची बाटली, लंगोट, चिमीचं खणाचं परकर-पोलकं. सकाळची एस्टी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मयेकरांनी तिला हात केला. त्या हातात दया होती.

हातखंब्याला ती बंद पडली. निवळीला पडली. टाकी भरल्यामुळे गाळ वर यायचा थांबला असेलही, पण गाडी आता पूर्वीपेक्षा लवकर लवकर थांबायला लागली होती. दर मुक्कामाला माणसं जमत. आधी कुणीतरी झाकण उघडून आत डोकावे, मग कुणी प्लग चोळी, एकाने तर चाकातली हवा कमी केली. आणि गाडी सुरू होई. मयेकर त्याचे आभार मानत, नाव विचारून घेत. जाकादेवीला चहाच्या टपरीवाल्याने झाकण उघडून पेट्रोल पाहिलं आणि गाडी उजवीकडे आडवी करून शंभर आकडे मोजायला लावले. तेव्हाही ती सुरू झाली.

"पावणेदहा," मथुरा घड्याळ पाहून म्हणाली.

"पोचतो."

जाकादेवी सोडली आणि कातळाचा उघडा सडा लागला. काळा तापलेला दगड, मधूनच करवंदीची जाळी, माणूस म्हणून औषधाला नाही. नेमकी तिथे गाडी खोकली आणि मेली.

मयेकरांनी किक मारली. पुन्हा मारली. टोपी काढली, पुन्हा मारली. आता सल्ला द्यायला कुणी नव्हतं. झाकणही त्यांनी उघडलं नाही. टाकी भरली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि शुक्रवारचा फवारा ते अजून विसरले नव्हते. प्लग पुसला, फुंकर मारली, गाडी आडवी केली, दोनशे आकडे मोजले. लिंबू-मिरची हाताने सरळ केली. काही नाही. साडेदहा वाजले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी ते स्कूटरकडे पाठ करून दगडावर बसले.

"तू एस्टीनं जाऊ या म्हणाली होतीस," ते म्हणाले. इतक्या हळू, की मथुरेला जवळ सरकून ऐकावं लागलं.

"मी काही म्हटलं का आता?"

"तेच तर. बोललीस तर बरं."

चिमीने रडं काढलं. मथुरा करवंदीच्या एवढ्याशा सावलीत बसली आणि बाटली तिच्या तोंडात दिली. पोर भुकेली. डोळे मिटून, मुठी आवळून ओढायला लागली. ओढता ओढता बाटलीचं रबरी बोंड चपटं होऊन आत बसलं. दूध येईना. बाटली तर अर्धी भरलेली. चिमी लाल होऊन किंचाळली. दिवसातून चार वेळा होणारी गोष्ट ती. मथुरेने न बघताच बाटलीचा आटा जरा सैल केला, आत बुडबुडा गेला, गुळुक! बोंड फुगून वर आलं आणि चिमी पुन्हा घटाघटा प्यायला लागली.

मथुरा बाटलीकडे पाहत राहिली. मग तिने स्कूटरकडे पाहिलं. मग पुन्हा बाटलीकडे.

"अहो, झाकण उघडा बघू."

"पेट्रोल आहे गं. काठोकाठ आहे."

"दूधही आहे बाटलीत. तुम्ही उघडा तर."

मयेकर उठले, तोंड लांब धरून त्यांनी झाकण फिरवलं. 'सुस्!'

"बाहेर आलं की आत गेलं?"

"काय?"

"वारा! बाहेर आला की आत गेला?"

मयेकरांनी बोट फटीशी धरलं होतं. "आत," ते नवलाने म्हणाले. "आत ओढला."

"आता मारा किक."

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. प्लग नाही, फुंकर नाही, नारळ नाही. रिकाम्या सड्यावर तिचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

"तिचा श्वास कोंडतोय हो!" मथुरा हसायलाच लागली. "प्यायली तेवढी जागा रिकामी होते, आणि त्या जागेत हवा जायला वाट नाही. मग पेट्रोल खाली उतरणार कसं? सगळ्यांनी आधी झाकणच उघडलं. महिपतनं, तुम्ही, त्या चहावाल्यानं. आणि श्रेय गेलं नारळाला! उन्हात उभी केली की आतली वाफ बाहेर यायला बघते, चालवली की हवा आत यायला बघते. आणि दोघींच्या वाटेत तुमची मोहोर."

तिने केसातला आकडा काढला आणि लाखेकडे हात नेला.

"थांब!" मयेकर ओरडले. अकरा वर्षं एका क्षणात आडवी आली. "शासकीय मोहोर आहे. अशी फोडता येत नाही. दोन पंच लागतात."

"एक मी. दुसरी ही."

मयेकरांनी दोन्ही पंचांकडे पाहिलं. दुसऱ्या पंचाने दुधाचा ढेकर दिला. मयेकरांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग त्यांनी आकडा मथुरेच्या हातून घेतला, झाकण उजेडात धरलं आणि रीतसर म्हणाले, "मोहोर शाबूत आढळली." आणि स्वतःच्या हाताने ती फोडली. लाखेचे तुकडे कातळावर पडले. भोकातून त्यांनी आकडा आरपार घातला, झाकण डोळ्याला लावून पलीकडचा उजेड पाहिला.

"कारखान्यातनं राहून गेलं नव्हतं तर," ते म्हणाले.

मग मात्र गाडी थांबली नाही. चाफे गावचा चढ तिने एका दमात काढला. उतारावर समोर समुद्र दिसला तेव्हा मयेकर काहीतरी गुणगुणत होते. मथुरेने त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. पाठीला घामाचा आणि पेट्रोलचा वास होता, तरीही टेकलं.

मालगुंडच्या अंगणात स्कूटर वळली तेव्हा बाराला अठरा मिनिटं होती. आई, आनंदीबाई, वाटेकडे डोळे लावून उभी होती.

"आलीस गो बाय! म्हटलं आता ह्याही पोरीला शेजारी भरवतो. काय ओ जावई, एस्टी येऊन दोन-तीन तास झाले. तुमची गाडी वाटेत वस्तीला राह्यली काय?"

लवूची पेटी पायरीवर तयार होती. तो धावत आला, चिमीला उचललं, आणि बोटीवर एवढाल्या यंत्रांशी झुंजणारा तो दांडगा माणूस हात कुठे ठेवावा ते न कळून तिला एखाद्या दिव्यासारखा धरून उभा राहिला.

"हिचं नाक माझं आहे, ताई."

"नाक तुझं, भूक बापाची," मथुरा म्हणाली.

चिमीला खण चढला. पाटावर लवू बसला, मांडीवर भाची, चांदीच्या वाटीत मऊ भात आणि तूप. मयेकर हातपाय धुऊन आले तेव्हा लवूने विचारलं, "भावजी, वाटेत काय झालं?"

मथुरेने नवऱ्याकडे पाहिलं. फुटलेल्या टायरची, खराब रस्त्याची एखादी गोष्ट आता येईल असं तिला वाटलं. ती आली असती तर तिने मान डोलावलीही असती. सासुरवाडी शेवटी सासुरवाडी.

मयेकर घसा साफ करून म्हणाले, "टाकीच्या झाकणाचं भोक मी लाखेनं बंद केलं होतं. पेट्रोल उडू नये म्हणून. पाच दिवस एकालाही कळलं नाही. हिनं ओळखलं. बाटलीवरून."

लवू इतका हसला की मांडीवरची चिमी गदगदली. "भावजी, आमच्या बोटीवर तेलाच्या प्रत्येक टाकीला श्वासाचा पाइप असतो. तो बंद राहिला तर टाकी डब्यासारखी चेपते नाहीतर फुगते. पेट्रोल तर बसल्या जागी वाफ सोडतं, ऊन लागलं की दुप्पट. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. ताईला दुधाच्या बाटलीत दिसलं!"

"मग?" आनंदीबाई म्हणाल्या. "लेक कोणाची?"

पण चिमी तोंड उघडेना. मामाने घास पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. आईने चुटक्या वाजवल्या, मथुरेने कावळा दाखवला, लवूने बोटीचा भोंगा काढून दाखवला. बाराला दोन मिनिटं असताना ती भोंग्याला हसली, आणि त्या हसण्यात लवूने भाताची चार शितं आत सरकवली. तिने विचार केला. गिळली. आनंदीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मामा-भाचीची अशी गट्टी जमली, की पुढचा पाऊण तास कुणी घड्याळाकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते बाहेर भोंगा वाजला तेव्हा. मुंबई गाडी आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं आधी आली होती, आणि थांब्यावर कुणी नाही असं पाहून निघूनही गेली.

लवू पांढराफटक पडला. "उद्या हजर नाही झालो तर बोट माझ्याशिवाय जाईल."

मयेकर उठले. त्यांनी टोपी घातली, लवूची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवली.

"बसा," ते म्हणाले.

लवूने चिमीच्या तळव्याचा मुका घेतला आणि मागे बसला. स्कूटर फाटकातून बाहेर पडली. मथुरा पोरीला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली. आवाज वळणापर्यंत गेला. गणपतीपुळ्याच्या बाजूला गेला. मग चढाला लागला, बारीक होत गेला. तिने श्वास धरून ठेवला होता. आवाज खोकला नाही, अडखळला नाही. इतका बारीक झाला की झाडांत मिसळला, पण थांबला म्हणून नाही.

तासाभराने मयेकर परतले, कोपऱ्यापासून उगाचच हॉर्न वाजवत.

"चाफ्याच्या चढावर गाठली!" ते उतरायच्या आधीच ओरडले. "मागे टाकली एस्टीला! पुढे जाऊन आडवी लावली गाडी. ड्रायव्हर म्हणतो, काका, विमान आहे काय हे? लवू चढला. खिडकीतनं हात करत गेला."

आनंदीबाईंनी जावयाला आधी पाणी दिलं, मग आमरसाची वाटी दिली, आणि मग, आठ वर्षांत प्रथमच, स्वतःहून पाट मांडून दिला. "बसा. मामाचं झालं. आता बापाने भरवायचं."

मयेकरांनी साबणाने तीनदा हात धुतले. वास काही गेला नाही. ते संकोचून बसले, दोन बोटांत इवलासा घास धरला आणि म्हणाले, "हिला पेट्रोलचा वास आवडणार नाही."

मामाने दहा मिनिटं विनवण्या केल्या तरी न उघडलेलं तोंड चिमीने बापासाठी पहिल्या किकला उघडलं.